वहाण पायातच का राहावी?

मराठीत एक म्हण आहे: पायातली वहाण पायातच बरी. आमच्या वेळी सातवी-आठवीच्या पेपरात ती हमखास यायची. अर्थ लिहा, दोन गुण. अर्थही ठरलेला: ज्याची जी लायकी, तिथेच त्याला ठेवावं. पुस्तक काढणाऱ्याला, पेपर काढणाऱ्याला, तपासणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या, वहाणा शिवणाऱ्याच्या पोरालाही ते दोन गुण हवेच होते. मी ते मिळवले.

आज माझ्याकडे स्नीकर्सचे एकवीस जोड आहेत. सहा-सात आलटून पालटून पायात असतात, बाकीचे येलहंका न्यू टाऊनमधल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात. त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. हे कपाट बघून लोकांना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं मी सहा-सात वर्षं तोंडी देत आलोय. आता एकदाच लिहून ठेवतो.

प्रश्न खरं तर एकच आहे. तुला कशाला हवेत?

हा ‘कशाला’ सगळ्यांना विचारला जात नाही. माझ्या ऑफिसात एकाला घड्याळांचा नाद आहे. चावीची, आपोआप चालणारी, जुनी, परदेशी. त्यातलं एक त्याच्या आजोबांचं. जेवणाच्या टेबलावर तो त्यांच्याबद्दल बोलायला लागला की सगळे कौतुकाने ऐकतात, मीही ऐकतो, कारण माणूस जाणकार आहे. पण माझे बूट दिसले की त्याच टेबलावर पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा, हसत हसत, ‘कोट्यातून मिळालेल्या’ पगाराचा. कंपनी खासगी आहे, तिथे कोटा नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्याच्या आजोबांकडून आलेलं घड्याळ म्हणजे वारसा. माझ्या बापाकडून आलेली रापी म्हणजे जात.

चैनीचा मुद्दा असता तर मी वाद घातला नसता. चैन आहेच. मुद्दा वेगळा आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात संसदेने २०१५ मध्ये दुरुस्ती केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीने कलम ३ मध्ये जे नवे गुन्हे घातले त्यात एक असा आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणं. त्याच यादीत सायकल-मोटारसायकलवर बसणं आहे, लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसणं आहे. चपलांचा हार घालणं हा आणखी एक वेगळा गुन्हा. एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षं उलटल्यावर या देशाच्या संसदेला लिहावं लागलं की माणसाला पायात काही घालू द्या. उगाच कोणी असलं कलम लिहीत नाही.

आणि कलम लिहून झाल्यावरचं सांगतो. जून २०१८ मध्ये गुजरातमधल्या बहुचराजीला एका तेरा वर्षांच्या दलित मुलाला मारहाण झाली. त्याने मोजडी घातली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये मुदुमलैच्या जंगलात तमिळनाडूचे तेव्हाचे वनमंत्री दिंडिगल श्रीनिवासन यांनी एका आदिवासी मुलाला जवळ बोलावलं आणि आपली चप्पल काढायला लावली, कॅमेऱ्यांसमोर. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच राज्याच्या तिरुप्पूर जिल्ह्यात, राजावूर नावाच्या गावी, साठेक दलित स्त्री-पुरुष एका गल्लीतून चपला घालून चालत गेले. एवढंच केलं. चालत गेले. त्याची बातमी झाली, कारण त्या गल्लीत आजवर त्यांच्या पायात चपला दिसल्या नव्हत्या.

ज्यांच्याकडे चप्पल घ्यायला पैसे नाहीत त्यांना अडवायला कायदा लागत नाही, प्रथाही लागत नाही. अडवलं जातं ते पैसे असणाऱ्याला. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त १९३६ साली चकवारा गावाचं उदाहरण दिलंय ते आठवा. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने गावजेवण घातलं, जेवणात तूप वाढलं, आणि शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले. तूप त्याने स्वतःच्या पैशाने आणलं होतं. पाहुणे त्याचेच होते. तरी लाठ्या चालल्या, कारण तूप ही ऐपतीची गोष्ट नव्हतीच. त्याच पुस्तकात इंदूर भागातल्या बलाई लोकांवर लादलेले नियम आहेत: जरीकाठी पागोटं नको, सोन्या-चांदीचे दागिने नकोत. आमच्या ऑफिसातल्या टेबलावर लाठी नसते, सगळे इंग्रजीत बोलतात. पण माझ्या पानातल्या तुपाकडे बघणारी नजर मी ओळखतो.

मग पुन्हा त्या म्हणीकडे येतो. वहाण पायातच बरी म्हणणारा हा समाज आषाढात काय करतो? ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुका चांदीच्या पालखीत घालून पंढरपूरला नेतो. रामाच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या, ती गोष्ट ऐकून हात जोडतो. मठात पादुका, देवघरात पादुका. म्हणजे वहाण वर गेलेली चालते. ती कोणाच्या पायातली आहे एवढंच बघायचं असतं, आणि ती बनवली कोणी हे तर बघायचंच नसतं.

मला हा नाद एकतिसाव्या वर्षी लागला. त्याआधी मला छंद नव्हता. छंद असण्यासाठी काय लागतं याचा विचार आपल्यातल्या फार कमी लोकांनी केला असेल, कारण आपण थेट मुलाखतीच्या खोलीत जाऊन आपटतो, जिथे समोरचा विचारतो, ‘व्हॉट आर युअर हॉबीज?’ आपण सगळ्यांनी शाळेत ‘माझा छंद’ हा निबंध लिहिलाय. मी दरवर्षी गाइडमधला उतरवायचो: मला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद आहे. माझे काका परदेशातून पत्रे पाठवतात. माझे काका सोलापुरात हमाली करत होते आणि आमच्या घरी पत्र यायचं ते फक्त कर्जाच्या सोसायटीचं. त्या निबंधाला दहापैकी सात मिळायचे. गंमत अशी की वर्गातल्या निम्म्या पोरांचे काका परदेशात होते, सगळ्यांचं गाइड एकच होतं.

जमवायचं असेल तर आधी जागा लागते. कोणी हात लावणार नाही असा एक खण लागतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक कोपरा बापाच्या पेटीचा, एक चुलीचा, एक देवाचा आणि रोहिदासांच्या तसबिरीचा, उरलेल्यात आम्ही पाचजण. माझं म्हणावं असं एक दप्तर. दहावीपर्यंत पायात स्लिपर होती, अंगठ्याचा पट्टा तुटला की बाप खालून टाचणी लावून द्यायचा. चांभाराच्या पोराच्या पायात धड चप्पल नसते हे लोकांना विनोदी वाटतं. त्यात विनोद काही नाही. गिऱ्हाइकाचं कातडं पोराच्या पायावर खर्च करणं परवडत नाही, इतका साधा हिशेब आहे.

तर एकतिसाव्या वर्षी बोनस मिळाला आणि मी ऑफिसचे काळे बूट घ्यायला एका फॅक्टरी आउटलेटमध्ये गेलो. शेजारच्या रॅकवर पांढऱ्या कातड्याचा एक साधा जोड होता. घालायच्या आधी उलटा केला. ही घरची सवय, आम्ही बूट कधी वरून बघत नाही. तळाच्या कडेने शिलाई फिरली होती, टाके एकसारखे, दोरा कुठे सैल नाही. बाजूच्या जोडाला तशीच रेघ होती, पण तो नुसता रबरात छापलेला टाक्यांचा देखावा, खाली सगळा गोंद. दोघांच्या किमतीत चारशे रुपयांचा फरक. विकणाऱ्या पोराला तो सांगता येत नव्हता आणि मला लांबून दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा एका चकचकीत दुकानात मला इतर कोणापेक्षाही जास्त कळत होतं. काळे बूट राहिले. तो पांढरा जोड आजही आहे, तळ दोनदा चिकटवून झालाय.

त्यानंतर वाचत गेलो. एअर जॉर्डनचा पहिला जोड १९८५ चा, तेव्हा ६५ डॉलरचा. रन-डीएमसी या काळ्या पोरांच्या गटाने १९८६ मध्ये आपल्या आदिदासवर गाणं केलं आणि कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला. त्या काळापासून अमेरिकेतल्या काळ्या पोरांना तोच उपदेश चालू आहे जो मला येलहंक्यात ऐकू येतो: शिक्षणावर खर्च करा, बुटांवर काय करता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव तिकडच्या पँथरकडून घेतलं होतं. तिकडून नाव आलं, लढ्याचा बाणा आला, तर बूट यायला काय हरकत आहे?

तरुण वाचकांसाठी जाता जाता एक धंद्याची गोष्ट. ‘स्नीकर ही गुंतवणूक आहे’ असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका, आणि हप्त्यावर तर अजिबात घेऊ नका. बऱ्याच जोडांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा तो खातो. दहा-पंधरा वर्षांनी, खोक्यातून बाहेर न काढलेल्या जोडाचाही भुगा होतो. वापरातला जोड उलट जास्त टिकतो. माझ्याकडचं काहीही मी विकायला घेतलेलं नाही.

बाप एकदा येलहंक्याला आला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर. कपाटासमोर खुर्ची ओढून बसला आणि एकेक जोड मागून घेतला. अंगठ्याने टाच दाबून बघितली, जीभ उलटी केली, आत बोटं घालून शिवण चाचपली. नऊ हजारांच्या एका जोडाबद्दल म्हणाला, ‘ह्यो उन्हात ठिवू नगंस, गोंद सुटंल.’ दुसऱ्याबद्दल बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘कलबूत कसलं वापरत्यात रं ही लोकं?’ मी सांगितलं, प्लास्टिकचं, मशीनवर कापलेलं, डाव्या-उजव्याचं वेगवेगळं. ‘बरं केलंय,’ म्हणाला. पन्नास वर्षं जो माणूस बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला मान खाली घालून बसला, त्याला माझ्या घरात खुर्चीवर बसून जगातल्या मोठ्या कंपन्यांचं काम तपासताना मी बघितलं. किंमत त्याने विचारली नाही. एवढ्या वर्षांत किंमत न विचारणारा तो एकटाच.

शेजारच्या बाई मात्र दारातच थबकल्या. चपला हॉलमध्ये? आमच्या मजल्यावर प्रत्येक दाराबाहेर रॅक आहे, सगळ्यांचे बूट त्यात. मी त्यांना सांगितलं की हे जोड धुऊन-पुसून ठेवलेले आहेत, कपाट बंद असतं. स्वच्छतेचा प्रश्न असता तर तिथे मिटला असता. मिटला नाही. ‘पण तरी,’ त्या म्हणाल्या. या ‘पण तरी’त काय आहे ते मला ठाऊक आहे. गावाच्या वेशीबाहेर आमची आळी होती तीही ‘पण तरी’मुळेच. कातडं तुमच्या पायाला चालतं, मृदंगाला चालतं, ऋषीच्या आसनाला तर मुद्दाम हवं असतं. ते कमावणारा आणि शिवणारा तेवढा बाहेर. आणि खरं बोलायचं तर पायऱ्या आमच्याकडेही होत्या. आमच्या आळीतली म्हातारी माणसं मांगवाड्यातून आलेली चप्पल शिवायची, पण तिथलं पाणी प्यायची नाहीत. स्वतः वेशीबाहेर राहून आणखी एक वेस आखायची, ही विद्या आम्हालाही शिकवली गेली होती.

आता आपल्या माणसांचा आक्षेप, जो जास्त लागतो. जयंतीच्या एका बैठकीत एका ज्येष्ठांनी माझ्या पायांकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं, ‘या एका जोडात दोन पोरांची वर्षाची फी निघाली असती.’ मग बाबासाहेबांचं १८ मार्च १९५६ चं आग्ऱ्याचं भाषण, शिकलेल्यांनी धोका दिला, वगैरे. ते भाषण मलाही अस्वस्थ करतं आणि करावंच. पण त्याचा वापर कोणावर होतो तेही बघा. पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या पगारावर आधीच आई-वडील, बहिणीचं लग्न, गावाकडचं घर, चुलत्याचा दवाखाना आणि समाजाची वर्गणी असते. त्यातून उरलेल्या दोन-चार हजारांवर पुन्हा नैतिक जप्ती आणायची? मी फी भरतो की नाही, किती पोरांची भरतो, हे मी त्या बैठकीत सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. हिशेब दाखवला की वाद मिटेल हे कळतं मला. पण मग प्रत्येक नव्या पोराला, प्रत्येक नव्या बुटासोबत, चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडावा लागेल. घड्याळवाल्याला कोणी असा दाखला मागत नाही.

‘बाबासाहेबांनी पुस्तकं घेतली, तू बूट घेतोस’ हेही ऐकलंय. घेतली ना पुस्तकं, पोटाला चिमटा काढून घेतली, आणि त्यांच्यासाठी दादरला ‘राजगृह’ बांधलं. पण त्याच माणसाचे सूट बघा, पेनांची आवड बघा. मोठेपणी, एवढ्या कामांच्या रगाड्यात, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. व्हायोलिनने कुठल्या पोराची फी निघाली? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं की जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि ते जड दागिने टाका. त्या बायांनी लुगडी पायघोळ नेसायला सुरुवात केली. कपडे, पेहराव, चालणं या गोष्टी त्यांनी कधीच किरकोळ मानल्या नाहीत. साधी राहणी हे व्रत ज्याच्याकडे सोडून देण्यासारखं काही आहे त्याला शोभतं. आमच्याकडे ती राहणी सक्तीने होती, तिचं पुण्य आम्हाला कोणी दिलं नाही.

कामगारांचा मुद्दा उरतो आणि तो खरा आहे. बंगळुरूहून चेन्नईला जाणाऱ्या रेल्वेने आंबूर लागतं. तिथल्या घराघरांत बाया बुटांचे वरचे भाग हाताने शिवतात, जोडामागे मिळणाऱ्या किरकोळ पैशांवर. तमिळनाडूत चेय्यारला नायकेसाठी बूट बनवणारा मोठा कारखाना आहे. या बायांच्या मजुरीबद्दल जो बोलेल त्याच्या बाजूला मी उभा राहीन. पण मला हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकानेही घड्याळवाल्याला त्याच्या बुटांबद्दल विचारलेलं नाही, आणि त्याच्या पायातले माझ्यापेक्षा महाग आहेत. माझ्या पायात दिसेपर्यंत त्यांना ते शिवणारी बाई दिसत नव्हती.

तळ सुटलेले जोड मी येलहंक्याच्या जुन्या गावात, रस्त्याकडेला छत्रीखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेतो. पहिल्या वेळी त्याची आरी मी सवयीने उचलली आणि कशी धरली ते बघून त्याने कानडीत विचारलं, कुठलं गाव. मी सोलापूर म्हटलं. तो विजापूरकडचा, समगार. मग माझी मोडकी कानडी आणि त्याची सीमेवरची मराठी. त्यानेच मला हरळय्याची गोष्ट पुन्हा सांगितली, जी मी लहानपणी आजीकडून अर्धवट ऐकली होती. बाराव्या शतकातलं कल्याण, म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी बसवण्णांसाठी आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न झालं आणि बिज्जळ राजाने दोघा बापांना ठार केलं, असं कथा सांगते. म्हातारा सांगत होता आणि हात माझ्या जॉर्डनला गोंद लावत होते. साठ रुपये घेतले. मी शंभर दिले तर चाळीस परत केले.

गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि अख्ख्या महाराष्ट्राची अस्मिता जागी झाली. ज्यांनी कधी कारागिराच्या घरचं पाणी घेतलं नसेल तेही ‘आपली कोल्हापुरी’ म्हणायला लागले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर, या दोघांना मिळून: इकडचे चार जिल्हे, तिकडचे चार. लिडकरला नाव बाबू जगजीवनरामांचं आहे. अस्मितेच्या त्या गदारोळात अथणी आणि निपाणीच्या समगारांचं नाव किती जणांनी घेतलं? डिसेंबरमध्ये प्राडाने या दोन महामंडळांशी करार केला: दोन हजार जोड, एकाची किंमत साधारण आठशे युरो. इथल्या बाजारात चांगली कोल्हापुरी हजाराच्या आसपास मिळते, आणि तीही घासाघीस करून घेतात. मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीतल्या कारागिरांना घेऊन पुनर्वापराच्या रबराच्या बॅगा बनवायला घेतल्या आणि ब्रँडचं नावच ‘चमार’ ठेवलं. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी आल्यावर कातड्याचं काम अडलं, त्यातून हे निघालं. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर छापला. मला ते पटतं.

आठशे युरोला कोणाचा ‘कशाला’ ऐकू आला नाही. तिथे ती कला होती.

बाविसावा जोड अजून ठरलेला नाही. म्हाताऱ्याचा भाचा अथणीला कानवाली करतो. नंबर घेतलाय. त्याने फोनवर किंमत सांगितली आणि लगेच स्वतःच दोनशे कमी केले, मी काही न बोलता. मी त्याला म्हटलं, आधी सांगितलीस तीच घे, आणि टाचेखाली तुझं नाव ठोक. नाव ठोकायचा ठसा त्याच्याकडे नाही. तो बनवून घेतोय.